घर मिळेना, गाडी उठेना

जुलैच्या उत्तरार्धात तंजावरात भाड्याचे घर शोधायला निघालेल्या माणसाला एक गंमत पाहायला मिळते. 'टू-लेट'च्या पाट्या फाटकांवर लटकलेल्या असतात, घरमालक कौतुकाने कुलूप काढून खोल्या दाखवतो, पाण्याची टाकी दाखवतो, गच्चीसुद्धा दाखवतो. पण "सामान कधी आणू?" असे विचारले की त्याचा सूर बदलतो. "आडी चालू आहे ना! आवणी लागू दे." तमिळ पंचांगातला आडी महिना जुलैच्या मध्याला लागतो आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतो. या महिन्यात लग्न नाही, गृहप्रवेश नाही, राहते घर बदलणे नाही. पुढे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत मार्गळी येतो, तेव्हाही तेच. आपल्याकडे पितृपंधरवड्यात जसे कोणी नव्या कामाला हात घालत नाही तसाच हा प्रकार. फक्त इथे पंधरवड्याऐवजी सबंध महिना जातो.

बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबाला हे ठाऊक नसते. आणि अशी कुटुंबे तंजावरात येतच असतात. कोणी हवाई दलाच्या तळावर, कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, तर कोणी मुलाच्या किंवा मुलीच्या कॉलेजसाठी. मराठी माणसाला हे गाव तसे परके नाही. 1676 मध्ये व्यंकोजीराजांनी इथे भोसल्यांची गादी स्थापन केली. ती 1855 पर्यंत टिकली. सरफोजीराजांच्या काळात बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली मराठी बोलणारी घरे अजून आहेत. त्यांची मराठी ऐकताना सोलापूरच्या माणसाला आधी हसू येते आणि मग भरून येते. पण सरफोजीराजांच्या पुण्याईवर दोन बेडरूमचे घर मिळत नाही, हेही तितकेच खरे.

अशाच एका कुटुंबाची कल्पना करा. सोलापूरहून तीन वर्षांपूर्वी बदलून आलेले. नवरा बँकेत, बायको घरून शिकवण्या घेणारी, दोन मुले शाळेत, सोबत सासूबाई. भाड्याचे घर तळमजल्याचे, पुढे अंगण. जुलैत मालक सांगतो, मुलगा परत येतोय, दिवाळीपर्यंत घर मोकळे करून द्या. माणूस भला आहे, तीन महिन्यांची सवड देतो. इथवर सारे ठीक. पण त्या अंगणात ताडपत्रीखाली एक गाडी उभी आहे.

गाडी वडिलांची. स्टँडर्ड हेराल्ड, 1967 सालची. वडील गेल्यावर मुलाने ती ट्रकवर चढवून सोलापूरहून मोठ्या हौसेने आणली. "वर्षभरात रस्त्यावर आणतो," असे म्हणाला होता. आता इंजिन व्हरांड्यात, दरवाजे जिन्याखाली, सीट सासूबाईंच्या खोलीत, आणि सांगाडा लाल प्रायमर फासून बाहेर. नटबोल्ट कुठे आहेत ते कोणालाच नक्की माहीत नाही. निम्मे बिस्किटांच्या डब्यात असावेत.

रविवारी घर पाहून परतताना संवाद होतो तो असा:

"अहो, घर चांगलं होतं. शाळा जवळ, पाणी गोडं. नाही का म्हणालात?"

"अगं, फाटक बघितलंस ना? हेराल्ड आत जाणार नाही."

"आपण माणसांसाठी घर बघतोय की गाडीसाठी गोठा?"

त्यानंतर रिक्षात कोणी बोलत नाही. घरी सासूबाई विचारतात, "मिळालं का रे घर?" आणि दोघेही एकाच वेळी "नाही" म्हणतात. मुले आपापली पुस्तके उघडतात. मुलांना सगळे कळत असते.

वरवर पाहिले तर हे भांडण जागेचे आहे. एक गाडी, एक फाटक, काही फुटांचा हिशेब. पण नीट पाहिले तर तसे नाही. घर शोधणे आणि अर्धवट गाडी या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत. दोन्हींना शेवटची तारीख नाही. मालकाने दिवाळीचा दिवस दिला आहे, पण आपण अमुक दिवशी शोध थांबवू आणि पाहिलेल्यातले एक पक्के करू, असा दिवस या दोघांनी एकमेकांना दिलेला नाही. गाडीला तर तसा दिवस कधीच नव्हता. तारीख नसलेली दोन कामे एका छपराखाली आली की ती एकमेकांना टेकून उभी राहतात. "गाडीचं ठरल्याशिवाय घर कसं ठरवू?" आणि "घर ठरल्याशिवाय गाडीचं काय सांगू?" असे प्रश्न सुरू होतात. मग दोन्ही जागच्या जागी.

अपुऱ्या कामाचा मनावर काय भार पडतो याचा विचार मानसशास्त्रात फार पूर्वी सुरू झाला. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या ब्लुमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यामागची हकिकत अशी सांगतात, की हॉटेलातल्या वेटरला बिल येणे बाकी असलेल्या गिऱ्हाइकाची ऑर्डर तोंडपाठ असते. पैसे मिळाले की तो ती विसरतो. झायगार्निक यांनी लोकांना छोटी छोटी कामे दिली आणि त्यातली काही मध्येच थांबवली. थांबवलेली कामे लोकांना जास्त लक्षात राहिली. पुढे इतरांना दर वेळी तोच निष्कर्ष मिळाला असे नाही, पण अंगणातल्या ताडपत्रीकडे रोज सकाळी दात घासताना पाहणाऱ्या माणसाला हे पटवायला प्रयोगाची गरज नसावी.

त्यापेक्षा कामाची गोष्ट 2011 मधली आहे. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोन अमेरिकी संशोधकांनी असे पाहिले की अपुऱ्या कामाची टोचणी दुसऱ्या कामात अडथळा आणते. मात्र ते अपुरे काम कधी, कुठे आणि कसे करायचे याचा नेमका बेत करायला दिला की टोचणी जाते. काम पूर्ण झालेले नसले तरी जाते! मन काम संपण्याची वाट पाहत नसते, ते कोणाच्या तरी हवाली होण्याची वाट पाहत असते. तारीख पडली की ते निर्धास्त होते.

आणखी एक जुने कोष्टक अनेकांनी मासिकांतून पाहिले असेल. होम्स आणि राहे या अमेरिकी डॉक्टरांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या 43 घडामोडींना गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला 100, लग्नाला 50. राहते घर बदलण्याला किती? फक्त 20. मुलांची शाळा बदलली तर आणखी 20, नोकरीतल्या जबाबदाऱ्या बदलल्या तर 29, सासरच्या माणसांशी खटके उडत असतील तर आणखी 29. सणासुदीलासुद्धा त्यांनी 12 गुण दिले आहेत, आणि दिवाळीची साफसफाई करणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ते कमीच वाटतील. सांगायचे ते हे, की घर बदलणे एकटे फारसे जड नसते. ते बाकीच्यांना सोबत घेऊन येते. आणि कोष्टकात नव्या घरी गेल्याचे गुण आहेत. तीन महिने दर रविवारी अनोळखी माणसांची स्वयंपाकघरे पाहत फिरण्याचे नाहीत.

आता आधी घराचे पाहू, कारण पावसाचा आणि मालकाचा दिवस ठरलेला आहे. तंजावरला आपल्यासारखा जून-जुलैचा पाऊस नाही. इथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून येणारा. नोव्हेंबर 2018 मध्ये गजा चक्रीवादळाने याच कावेरीच्या मुलखात केवढा हाहाकार केला ते इथली माणसे अजून सांगतात. म्हणजे सामान हलवायचे ते सप्टेंबरात, फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला. आणि इथेच तो आडी महिना उपयोगी पडतो. आडीत राहायला जायचे नाही, पण पाहायला कोणाची ना नाही. बाकीचे लोक थांबलेले असतात, घरे रिकामी असतात, मालकालाही बोलायला वेळ असतो. आडीत पाहावे, बोलणी करावी, आवणी लागताच चांगला दिवस बघून दूध तापवावे. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू जाऊ देण्याची तमिळ रीत आपल्याला नवी नाही. मालकाला मात्र भाडेकरूने ती पाळलेली फार आवडते. राहुकाळ टाळून चुलीवर भांडे ठेवलेत तर पुढची दोन वर्षे नळाच्या तक्रारीकडे तो लक्ष देईल.

घर पाहताना नवराबायकोने वेगवेगळ्या याद्या करू नयेत. एकच करावी आणि ती घर पाहायला जाण्याआधी करावी, नंतर नाही. तीन गोष्टी अशा लिहाव्यात की ज्यांच्यावाचून घर नको; बाकी सगळे 'असले तर बरे' या सदरात. तीनच का, असे कोणी विचारील. कारण दहा अटींचे घर तंजावरात काय, पुण्यातही कोणी बांधलेले नाही. वरच्या कुटुंबाची यादी साधी झाली असती. सासूबाईंसाठी तळमजला किंवा सोपा जिना, मुलांच्या शाळेची बस, आणि पिण्याजोगे पाणी. गाडीचे फाटक या तिघांत बसते का, याचा निकाल तिथेच, शांतपणे, चहा घेताना लागला असता. रिक्षात लागला नसता.

पाण्याबद्दल मात्र भिडस्तपणा नको. बोअरचे पाणी तोंडात घेऊन पाहावे, महानगरपालिकेचे नळपाणी किती वाजता येते ते शेजारच्या घरी विचारावे. मालक कधी खोटे बोलत नाही, पण शेजारीण जास्त खरे बोलते. राजवाड्याभोवतीच्या जुन्या रस्त्यांवरची लांबोळकी घरे, ज्यांना पुढे ओटा आणि मध्ये आकाशाला उघडा चौक असतो, ती उन्हाळ्यात थंड असतात आणि पाहताक्षणी मन मोहून घेतात. पण त्यांत खोल्या एकामागोमाग एक असतात, मागच्या खोलीत जायला पुढच्या दोन ओलांडाव्या लागतात, आणि गाडी ठेवायला जागा रस्त्यावरच. मेडिकल कॉलेज रोडच्या किंवा नव्या बसस्टँडच्या बाजूला घरे नवी, फाटके रुंद, पण मेच्या उन्हात गच्चीखालची खोली भाजून निघते. भरदुपारी एकदा आणि दिवेलागणीला एकदा, असे दोनदा पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. जे घर दोन्ही वेळा बरे वाटले ते खरे.

पैशांचा व्यवहार सांगायला हवा, कारण इथे घरात भांडणे होतात ती आगाऊ रकमेवरून. मद्रासकडे दहा-दहा महिन्यांचे भाडे अ‍ॅडव्हान्स म्हणून मागण्याची जुनी चाल आहे. तमिळनाडूचा घरमालक-भाडेकरूंच्या हक्क व जबाबदाऱ्यांचा 2017 चा कायदा फेब्रुवारी 2019 मध्ये अमलात आला. त्यात राहत्या घरासाठी, दोघांनी करारात वेगळे ठरवले नसेल तर, तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेऊ नये असे म्हटले आहे. करार लेखी हवा आणि तो भाडे प्राधिकरणाकडे नोंदवायला हवा. 'करारात वेगळे ठरले नसेल तर' हे शब्द सही करण्याआधी वाचायचे असतात. याशिवाय पाटीवर 'लीज' असे लिहिलेली घरे दिसतात. तमिळमध्ये याला 'ओत्ती' म्हणतात. एकरकमी काही लाख मालकाकडे ठेवायचे, महिन्याचे भाडे द्यायचे नाही, घर सोडताना सगळी रक्कम परत. ऐकायला गोड आहे. पण सोडण्याच्या दिवशी मालकाकडे पैसे नसले तर आपण त्याच घरात अडकतो. बदलीच्या माणसाने यात पडू नये, पडलेच तर नोंदणी केलेल्या कागदाशिवाय नाही.

शोधालाही दिवस ठरवून घ्यावा. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी पाहायचे, बाकीच्या दिवशी घराचा विषय जेवताना काढायचा नाही, आणि अमुक तारखेला जे हाती असेल त्यातले उत्तम ते घ्यायचे. हे वाचायला कडक वाटते. पण बारावे घर पाहिल्यावर पाचवे आठवू लागते, तोवर पाचव्यात कोणी राहायलाही आलेले असते. तारखेमुळे एकदम परिपूर्ण घर मिळत नाही, राहण्याजोगे मिळते. आणि दोन वर्षांनी आपल्याला त्यातले दोष सांगायलाही आठवत नाहीत.

आता गाडी. हेराल्डची एक गोची आहे, ती समजली तर त्या नवऱ्याविषयी थोडी सहानुभूती वाटेल. मूळ ब्रिटिश आराखड्याची ही गाडी मद्रासजवळच्या स्टँडर्ड मोटरच्या कारखान्यात 1961 पासून तयार होऊ लागली. तिची चेसिस वेगळी आणि वरचा सांगाडा बोल्टने जोडलेला. बॉनेट म्हणजे पुढचा सगळा भाग, चाकांवरच्या पंखांसकट, एकदम पुढे उलटतो. पाना हाती असलेल्या कोणालाही ती रविवारच्या रविवारी सोडवत नेता येते. सोडवण्यासारखे सोपे काम नाही! दर रविवारी काही तरी झाल्याचा आनंद मिळतो. परत जोडायची वेळ आली की कळते, रबराच्या पट्ट्या मिळत नाहीत, मागच्या दिव्याची काच चेन्नईच्या पुदुपेट बाजारात शोधावी लागते, आणि इंजिनाचा ब्लॉक लेथवर गेला की बिल लहान नसते. अर्धवट राहिलेल्या गाड्या आळशी माणसांच्या नसतात, त्या उत्साही माणसांच्या असतात.

मराठी मुलखातली त्याहून मोठी गोष्ट इचलकरंजीची आहे. शंकरराव कुलकर्णी यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस आपल्या हाताने 'मीरा' नावाची छोटी मोटार तयार केली आणि पुढे वीसेक वर्षे तिचे एकामागून एक सुधारलेले नमुने काढले. सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार हे त्यांचे स्वप्न होते. ती बाजारात आली नाही. पण तिला कोणी अर्धवट म्हणत नाही, कारण प्रत्येक नमुना रस्त्यावर चालला होता. अंगणातल्या हेराल्डने गेल्या तीन वर्षांत एक फूटसुद्धा अंतर कापलेले नाही.

वडिलांची गाडी असली की प्रश्न लोखंडाचा राहत नाही. मुलगा प्रायमरवर पडलेले गंजाचे ठिपके पाहतो तेव्हा त्याला आपण वडिलांना दिलेला शब्द दिसतो. वडिलांनी असा शब्द मागितला होता का, हे त्याने स्वतःला कधी विचारलेले नसते. सासूबाईंना विचारून पाहावे. "तुझ्या बाबांना ती विकायचीच होती रे, गिऱ्हाईक मिळेना," असे उत्तर येणे अगदी शक्य आहे. आणि "ती राहू दे, तिच्यातून आम्ही तुळजापूरला गेलो होतो," असेही येऊ शकेल. दोन्ही उत्तरांनी मार्ग सुटतो. सुनेनेही हे विचारायला हरकत नाही. गाडीची चौकशी केली म्हणजे गाडी नकोशी आहे असे नव्हे.

ठेवायची ठरली तर रंगाआधी कागद. वडिलांच्या नावावरची गाडी मुलाच्या नावावर व्हायला आरटीओत फॉर्म 31 भरावा लागतो आणि वारसाने तो तीन महिन्यांत द्यायचा असतो. इथे तीन वर्षे गेली, म्हणजे दंड आलाच. खासगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षे चालते, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण, आणि त्याचे शुल्क 2022 मध्ये जुन्या गाड्यांसाठी बरेच वाढले. दुसऱ्या राज्यातून आणलेली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथेच राहिली तर मूळ आरटीओकडून ना-हरकत दाखला आणून तमिळनाडूचा नंबर घ्यावा लागतो. जुलै 2021 मधल्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करता येते, शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी आणि ती रोज बाजारात न्यायला परवानगी नाही. ज्याला रोजच्या वापराची स्वप्ने पडतात त्याने हे आधी वाचावे. हे कागद झाल्याशिवाय डेंटर-पेंटरला पैसे देणे म्हणजे सातबारा न पाहता विहीर खणणे.

मग जागा. गाडीसाठी वेगळी शेड भाड्याने घेता येते. गॅरेजवाल्याच्या मागच्या बाजूला, ओळखीच्या माणसाच्या गोदामात, महिन्याच्या ठरलेल्या रकमेने. त्या रकमेकडे पाहून नाक मुरडू नये. घराचे फाटक रुंद हवे म्हणून जे जादा भाडे दरमहा जाते त्याच्याशी ती ताडून पाहावी. बहुतेक वेळा शेड स्वस्त पडते, आणि मुख्य म्हणजे घराच्या तीन अटींमधून गाडी बाहेर पडते. बायकोला जे हवे होते ते एवढेच होते. गाडी मोडीत काढा, असे ती कधी म्हणालीच नव्हती.

काम चालू राहणार असेल तर महिन्याला दोन रविवार आणि एक रक्कम ठरवावी, आणि वर्षभरात होणारे एकच काम लिहावे. 'गाडी पूर्ण करणे' हे काम नव्हे. 'ब्रेक बसवून गाडी ढकलता येईल अशी करणे' हे काम आहे. चाके फिरली, ब्रेक लागले, स्टिअरिंग वळले की गाडी हलवता येते, आणि हलवता येणारी गाडी घरातल्यांना निम्मीच वाटते. इंजिन नंतर.

तोवर तिचे हाल होऊ नयेत म्हणून काही साध्या गोष्टी. प्रायमर हा रंग नव्हे. तो पाणी शोषतो आणि आतून गंज चढतो. तंजावरच्या ईशान्य पावसात उघडा सांगाडा दोन हंगामांत पत्र्याची जाळी होतो. आणखी प्रायमर फासून उपयोग नाही, स्वस्तातला का होईना वरचा रंग मारावा. प्लास्टिकची ताडपत्री थेट अंगावर टाकू नये, खाली वाफ धरते. जाड सुती कापड आणि वर थोड्या अंतराने छप्पर, हे उत्तम. बॅटरी काढावी, टाकीतले जुने पेट्रोल उपसावे. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलात इथेनॉल असते आणि साठ वर्षांपूर्वीची रबरे त्यासाठी केलेली नाहीत, तेव्हा नळ्या बदलल्याशिवाय नवे भरू नये. टायरवरचा भार कमी करायला लाकडी ठोकळे लावावेत. सीट आणि दरवाजाच्या कापडात उंदीर घरटी करतात. सासूबाईंच्या खोलीतल्या सीटचे हे एक कारण सांगितले की त्याच ती बाहेर काढायला लावतील.

आणि ते नटबोल्ट. सामान बांधायला घेण्याआधी एक संध्याकाळ फक्त त्यांना द्यावी. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव: 'डावा दरवाजा, वरची बिजागरी'. सोडवण्याआधी फोनवर फोटो काढलेले नसतील तर निदान आता जे आहे त्याचे काढावेत. या कामाला मुले हौसेने बसतात. अकरा वर्षांच्या मुलीचे अक्षर वडिलांपेक्षा चांगले असते, आणि तिला या एका संध्याकाळी आजोबांच्या गाडीची जी ओळख होईल ती तीन वर्षांत झालेली नसते.

विकायची ठरली तरी हीच संध्याकाळ लागते. भंगारवाला वजनावर घेतो आणि त्याला बिस्किटाच्या डब्यातले काय, सारे सारखेच. पण जुन्या गाड्यांचा शौक असलेला माणूस भाग पूर्ण आहेत का ते विचारतो. पूर्ण, मोजलेली, नावे लिहिलेली हेराल्ड आणि ताडपत्रीखालचा ढीग यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. नंबर, चेसिस आणि इंजिनावरचे आकडे नोंदणीपुस्तकाशी जुळतात का तेही आधीच पाहून ठेवावे. गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदा पाहण्याची ती गोष्ट नव्हे. विकण्याआधी सासूबाईंना तिच्यात बसवून एक फोटो काढावा. सीट तात्पुरती ठेवली तरी चालते.

हलवण्याच्या दिवशी चालत्या इंजिनावाचूनची गाडी दोरीने ओढत नेऊ नये, तीही ब्रेक नसताना. सपाट पाठीचा टोइंगचा ट्रक मागवावा, आणि तो सामानाच्या टेम्पोच्या आदल्या दिवशी यावा. अंगण रिकामे झालेले असले की टेम्पो सरळ ओट्याला लागतो, कपाटे उचलायला जागा मिळते, आणि सासूबाईंची खुर्ची सगळ्यांत शेवटी, सावलीत ठेवता येते. टेम्पोवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातची वेळ द्यावी, म्हणजे तो साडेआठला येतो.